नाताळचे दप्तर

जिल्ह्याच्या गावी नभोवाणीचे एक छोटे केंद्र असावे, त्याचा आवाज आसपासच्या तालुक्यांपलीकडे फारसा जाऊ नये, आणि तेवढ्याच टापूतील माणसांनी तेवढ्याच टापूतील माणसांशी आपल्या बोलीत बोलावे, ही कल्पना आपल्या देशात १९८४ साली तमिळनाडूतील नागरकोइल येथे प्रथम प्रत्यक्षात उतरली आणि पुढील काही वर्षांत महाराष्ट्रातही नगर, बीड, धुळे, सातारा, नांदेड, यवतमाळ अशा ठिकाणी आकाशवाणीची स्थानिक केंद्रे उभी राहिली. त्यांपैकी नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, केंद्रात कार्यक्रम अधिकारी या नात्याने माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला. बाजारभाव, पीकपाणी, आरोग्यविषयक सल्ला, भजनी मंडळे, शाळकरी मुलांची नाटुकली असे नाना तऱ्हेचे कार्यक्रम त्या काळात माझ्या हातून झाले. परंतु त्या सर्वांत मला जिवाभावाचा वाटलेला, आणि ज्याने मला या जिल्ह्याचे अंतरंग दाखविले असा, एकच कार्यक्रम होता. दरवर्षी डिसेंबरच्या उत्तरार्धात आम्ही गावोगावच्या ख्रिस्ती कुटुंबांकडून नाताळच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून आणीत असू आणि सणाच्या आदल्या संध्याकाळी त्या प्रसारित करीत असू.

नगरसारख्या शहरात असा कार्यक्रम व्हावा, याला इतिहासाचा आधार आहे. अमेरिकन मराठी मिशनने येथे १८३१ साली ठाणे मांडले; ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली येथूनच निघू लागले; मिस फरार यांच्या येथील शाळेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले असे चरित्रकार सांगतात. १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक याच शहरात दीर्घकाळ राहिले, त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे यांच्यासारखा मुलगा आश्रयाला होता, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रां’तील कितीतरी पाने या शहराच्या परिसरात घडलेली आहेत. शहराबाहेर राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, शेवगाव, नेवासे तालुक्यातील वडाळा, मतमाउलीच्या यात्रेसाठी सप्टेंबरात गजबजून जाणारे हरेगाव, अशी प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक या दोन्ही पंथांची वस्ती असलेली कितीतरी गावे आहेत. येथील बहुसंख्य ख्रिस्ती माणसे शेतमजूर, शिक्षक, परिचारिका, कारखान्यातील कामगार अशा कष्टकरी वर्गातील. त्यांची भाषा शेजाऱ्यापाजाऱ्यांचीच मराठी. सकाळी कामाला जाण्याची वाटही त्यांचीच. असे असूनही, एकाच आळीत दोन-तीन पिढ्या राहिलेल्या माणसाला पलीकडच्या घरातला नाताळ कसा होतो हे ठाऊक नसे. ही उणीव भरून काढावी, एवढाच मर्यादित हेतू आरंभी आमच्यापुढे होता.

ध्वनिमुद्रणास प्रारंभ केला तेव्हा एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. ‘आपण नाताळ कसा साजरा करता?’ असा सरळ प्रश्न विचारला की समोरची व्यक्ती, मग ती निवृत्त मुख्याध्यापिका असो की ऊस तोडणारा मजूर असो, सावरून बसे आणि प्रेम, शांती, बंधुभाव यांविषयी उपदेशवजा चार वाक्ये बोलून थांबे. ती वाक्ये खोटी नसत. पण ती कोणाच्याही तोंडी शोभली असती, आणि श्रोत्याला त्यांतून कोणाचेही घर दिसले नसते. म्हणून आम्ही प्रश्नांची तऱ्हा बदलली. तुमच्या घरावर तारा कोण बांधत असे, कामट्या कोठून आणीत, खळ कशाची करीत. करंजीचा पहिला घाणा कोणाच्या घरी जाई. कपडे कोणत्या शिंप्याकडे शिवायला टाकीत आणि त्याची उधारी कधी फेडीत. कोणता नाताळ आठवला की अजून बोलवत नाही, असे लहान लहान प्रश्न विचारू लागलो. अशा प्रश्नाला उत्तर देताना माणूस प्रथम वर पाहतो, क्षणभर थांबतो आणि मग बोलू लागतो. आणि त्या थांबण्यानंतर जे शब्द येतात ते केवळ त्याचेच असतात.

त्या थांबण्याचे मोल पुढे संपादनाच्या वेळी कळले. त्या काळी पाव इंची फितीवर काम चाले. नको असलेला भाग ब्लेडने तिरका कापून टाकायचा आणि उरलेली दोन टोके चिकटपट्टीने सांधायची, अशी संपादनाची रीत होती. अर्ध्या तासाच्या मर्यादेत अनेकांचे बोलणे बसवायचे, म्हणजे खोकणे, अडखळणे, ‘म्हणजे’, ‘ते आपलं’ हे सारे छाटून वाक्ये गुळगुळीत करण्याचा मोह साहजिकच होई. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या तरुण निवेदकांना मी आग्रहाने सांगत असे की, शब्द कमी करा, प्रसंगी एखादी संपूर्ण आठवण वगळा, परंतु बोलण्याआधीचा श्वास कापू नका. कारण आठवण सांगणारी व्यक्ती खरे सांगते आहे की पाठ केलेले म्हणते आहे, हे श्रोता त्या श्वासावरूनच ओळखतो. ध्वनिमुद्रणही आम्ही शक्यतो स्टुडिओत करीत नसू. घरातला पंखा बंद करायचा, टिकटिकणारे घड्याळ पलीकडच्या खोलीत नेऊन ठेवायचे, खिडकीवर गोधडी टाकायची. मात्र अंगणातला कोंबडा आरवला किंवा कोणी हाक मारली, तर ते तसेच राहू द्यायचे, असा आमचा परिपाठ होता. ज्या घरातली आठवण, त्या घराचाच आवाज तिच्यामागे असणे मला सत्याला धरून वाटे.

अशा रीतीने जे जमा होत गेले त्यात खाण्यापिण्याचे वर्णन अर्थातच विपुल होते. या जिल्ह्यातील नाताळच्या फराळात केकला स्थान आहे, पण तो पुष्कळदा बेकरीतून येतो. घरात होतात त्या करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू आणि चिवडा. दिवाळीनंतर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तोच घाट घातला जातो आणि त्यामागे एक अलिखित व्यवहार असतो. दिवाळीत शेजारच्या हिंदू घरातून आलेले फराळाचे ताट रिकामे परत करायचे नाही, हा संकेत सर्वांना ठाऊक असतो. त्याची परतफेड नाताळच्या ताटाने होते. राहुरीकडील एका वृद्ध शिक्षिकाबाईंनी सांगितले की, त्यांच्या आईकडे पितळेचे एक मोठे ताट होते आणि ते ताट वर्षाचा निम्मा काळ त्यांच्या घरी, तर निम्मा काळ शेजारच्या कुळकर्ण्यांच्या घरी असे. ‘ताट नक्की कुणाचं, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही बघा, ताई,’ असे त्या म्हणाल्या, आणि ते वाक्य आम्ही कार्यक्रमाच्या प्रारंभी घेतले.

दुसरी वारंवार येणारी आठवण कॅरलच्या फेरीची. डिसेंबरच्या रात्री नगरच्या पठारावर थंडी कडाक्याची असते. पेटी, ढोलकी, झांजा आणि कंदील घेऊन पंधरा-वीस माणसांचा मेळा घरोघर जातो, दारात उभा राहून एखादे भजन म्हणतो, ‘सलाम’ घेऊन चहा पितो आणि पुढच्या वस्तीकडे निघतो. खेड्यांतून ही फेरी मळ्यांपर्यंत जाते, आणि डिसेंबर सरता सरता रब्बीची ज्वारी हुरड्यावर येऊ लागते. अशा फेरीला एखादा शेतकरी, तो कोणत्याही धर्माचा असो, बांधावर थांबवून आगटी पेटवी आणि हुरडा खाऊ घालून मगच पुढे जाऊ देई, हे आम्हाला इतक्या निरनिराळ्या गावांतून ऐकावयास मिळाले की, तो कोणा एकाचा औदार्याचा प्रसंग नसून या मुलखाची रीतच होती, याविषयी मला संशय उरला नाही.

पारनेरकडील एका गावची हकिकत मला विशेष मोलाची वाटते. तेथील शब्बाथ शाळेची मुले दरवर्षी येशूजन्माचे नाटक करीत. मेंढपाळांच्या पोशाखासाठी घोंगडी लागत, आणि ती गावाबाहेर शेतात मेंढ्या बसविणाऱ्या एका धनगर कुटुंबाकडून मागून आणीत. पहिली काही वर्षे घोंगडी जात आणि परत येत. पुढे एका वर्षी घरातील म्हातारा धनगर आपली घोंगडी काय कामाला लागतात हे पाहण्यासाठी स्वतः आला, मागच्या बाजूला बसला, आणि देवाच्या जन्माची वार्ता सर्वांच्या आधी रानात मेंढरे राखणाऱ्यांना कळली, हे त्याने तेथे प्रथमच ऐकले. त्यानंतर तो जिवंत असेपर्यंत घोंगडी मागावी लागली नाहीत. तोच ती आणून देई आणि ती खांद्यावर कशी घ्यावीत हे मुलांना शिकवून जाई. ही हकिकत सांगणारे गृहस्थ लहानपणी त्या नाटकात मेंढपाळ झालेले होते.

१९७२च्या दुष्काळातील नाताळ हा तर या आठवणींचा एक स्वतंत्र खंडच होईल. त्या वर्षी जिल्ह्यातील हजारो माणसे खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या दुष्काळी कामांवर होती. त्या कामांवर सुकडी वाटली जाई, आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. नाताळ सोमवारी आला होता. शेवगाव भागातील एका बाईंनी सांगितले की, हजेरीपटावर खाडा पडू नये म्हणून त्यांच्या वस्तीने सणाची उपासना पहाटे काळोखातच उरकली आणि उजाडता उजाडता सगळी मंडळी कामावर हजर झाली. दुपारच्या सुट्टीत त्यांच्या आईने जमवून ठेवलेल्या सुकडीत गुळाचा खडा कुस्करून तिचे लाडू वळले आणि मुकादमापासून पाणी वाहणाऱ्या पोरापर्यंत सर्वांच्या हातावर एकेक ठेवला. ‘त्या वर्षी नाताळ झाला का म्हणून कोणी विचारलं, तर आम्ही झाला म्हणून सांगतो,’ असे त्या म्हणाल्या. दुष्काळाविषयी मी पुढे अनेक अहवाल वाचले, त्यांतील आकड्यांचे महत्त्व मी जाणते. परंतु हजेरीपटाच्या धाकाने पहाटे उपासना करणारी वस्ती मला एकाही अहवालात भेटली नाही.

साखर कारखान्यांच्या गळीत हंगामाने असाच एक नाताळ घडविला आहे. दिवाळीच्या सुमारास कारखान्याची धुराडी पेटली की पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडच्या बीड जिल्ह्यातून कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, मुकादमाकडून उचल घेऊन निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत कोप्यांत राहतात. त्यांच्यातील ख्रिस्ती कुटुंबांचा सण गावी कधीच होत नाही. अशा एका कोपीत मी स्वतः ध्वनिमुद्रणासाठी गेले होते. पाचटाच्या छपराला उसाच्या कांड्यांचा आणि रंगीत कागदाचा तारा टांगलेला होता आणि घरधनीण दुपारची मोळ्या बांधून आलेली होती. तिने आपल्या पंचवीस वर्षांच्या संसारातील नाताळ कारखान्यांच्या नावांवरून सांगितले: थोरला मुलगा झाला तो अमक्या कारखान्यावरचा, सासरे वारले तो तमक्यावरचा. गावातल्या प्रार्थनामंदिरात नाताळच्या दिवशी काय म्हणतात, हे तिने लग्नानंतर ऐकले नव्हते. पण तिला भजने तोंडपाठ होती, आणि तिने टिळकांचे एक भजन ज्या स्वच्छ, बळकट आवाजात म्हटले तो आवाज ऐकून शेजारच्या कोप्यांतील बाया कामे टाकून दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

भजनाचा विषय निघाला म्हणून एका मतभेदाचाही उल्लेख करणे अगत्याचे आहे. नगरचे कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला; टिळकांनी अभंगाचे आणि ओवीचे वळण ख्रिस्ती उपासनेला दिले; त्याही पूर्वी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत गोमंतकात छापून निघालेली होती. ही परंपरा अभिमानाने सांगणाऱ्या जुन्या पिढीला टाळ-झांजांविना नाताळ सुना वाटतो. तर गिटार आणि की-बोर्ड घेऊन इंग्रजी चालीवरची गीते म्हणणाऱ्या तरुणांना ती आपल्या काळाची वाटतात. दोन्ही बाजूंनी आमच्याकडे आपल्या गाण्याची शिफारस होई. आम्ही दोन्ही वाजवीत असू. तथापि माझे मत मी लपविणार नाही. इंग्रजी चालीची गीते जगभर म्हणणारे लोक आहेत आणि राहतील; सांगळे आणि टिळक यांच्या वाटेचे कीर्तन म्हणणारा माणूस जर या जिल्ह्यात उरला नाही, तर तो इतरत्र क्वचितच आढळेल. म्हणून अर्ध्या तासातला अधिक वाटा मी कीर्तनाला आणि भजनाला देत आले, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

कार्यक्रम झाल्यावर पोस्टकार्डे येऊ लागत. त्यांत ख्रिस्ती श्रोत्यांची असत, तशीच इतरांचीही असत. नाताळच्या कपड्यांची शिलाई वर्षानुवर्षे केलेल्या एका मुसलमान शिंप्याने कळविले होते की, कोणत्या घरातल्या मुलाचे माप एका वर्षात किती वाढले हे त्यांच्या वहीत लिहिलेले आहे आणि ती मुले आता नातवंडांना घेऊन येतात. एका शेतकरी स्त्रीने लिहिले होते की, प्रसूतीच्या वेळी मिशनच्या इस्पितळात नाताळच्या रात्री परिचारिकांनी खाटांमधून हिंडत म्हटलेली गाणी आपल्याला आठवतात, पण ते कोणाला सांगावे हे आजवर कळत नव्हते. या पत्रांमुळे माझ्या लक्षात आले की, सण एका समाजाचा असला तरी त्याच्या आठवणी त्या समाजापुरत्या नसतात. ज्याने शिवले, ज्याने खाऊ घातले, ज्याने घोंगडे दिले, जो नुसता खिडकीतून ऐकत राहिला, त्या सर्वांच्या त्या असतात.

आणि यातूनच मला त्या कामाचा खरा अर्थ उमगला. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचा इतिहास सातबाऱ्यावर आणि फेरफारात सापडतो. ज्याचे घराणे वतनदार होते त्याच्याकडे सनदा असतात, बखरी असतात, वंशावळी असतात. भूमिहीन मजुराचे कागद कोठे शोधावेत? बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्याचे नाव आणि तारीख मिळते, त्यापलीकडे फारसे काही नाही. परंतु त्याला नाताळविषयी विचारा, म्हणजे कोणत्या वर्षी पाऊस गेला, कोणत्या वर्षी घरात प्रथम वीज आली, कोण मुलगी शिकून परिचारिका झाली, कोण भाऊ मुंबईला गेला आणि परतला नाही, हे सारे तो तारीखवार सांगू लागतो. कारण वर्षातून एकदा सगळे एकत्र आले आणि कोण आले, कोण नाही, हे त्या दिवशी मोजले गेले. सण हेच त्याचे दप्तर आहे. ते त्याच्या स्मरणात आहे, तोपर्यंतच ते आहे.

स्थानिक नभोवाणीने हे दप्तर थोडे उघडले, आणि ते शेजाऱ्याला ऐकवले. मोठ्या केंद्रांना हे जमले नसते, कारण पितळेच्या ताटाची गोष्ट ज्याला सांगायची तो शेजारी त्यांच्या श्रोत्यांत हरवला असता. मात्र नभोवाणीची मर्यादाही मी जाणून आहे. प्रसारित झालेला शब्द हवेत विरतो, आणि निवडक ध्वनिमुद्रणे वगळता बाकीच्या फिती पुसून पुन्हा वापरात आणणे हा फितींच्या जमान्यात या व्यवसायाचा सर्वत्र शिरस्ताच होता. त्या आठवणी सांगणारी बहुतेक माणसे आज हयात नाहीत.

म्हणून वाचकांना, विशेषतः ज्यांच्या घरात सत्तरी ओलांडलेले कोणी आहे त्यांना, माझी कळकळीची विनंती आहे. आज प्रत्येकाच्या हातातल्या फोनमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय आहे. फितींची टंचाई नाही, कात्रीची गरज नाही. नाताळ असो, दिवाळी असो, ईद असो, भीमजयंती असो, सणाच्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ अर्धा तास बसा. त्यांना सणाचे माहात्म्य विचारू नका. पहिले ताट कोणाकडे जाई ते विचारा, आणि ते थांबले तर मध्ये बोलू नका. ध्वनिमुद्रणाच्या आरंभी त्यांचे नाव, गाव आणि तारीख स्पष्ट म्हणा, त्याची एक प्रत दुसऱ्या नातेवाइकाकडे ठेवा आणि शक्य असल्यास एक गावच्या ग्रंथालयाला द्या. एवढे काम या डिसेंबरात होण्यासारखे आहे. पुढच्या डिसेंबरावर ते टाकू नये.